मस्टँगचे मागचे सायलेन्सर घरच्या पोर्चमध्ये बदलताना

बीडबायपास | शनिवार, सकाळी ९:१०

मंडळी, नमस्कार. माझ्या मामांकडे २०१७ सालची फोर्ड मस्टँग जीटी आहे. ४९५१ सीसीचे व्ही-८ इंजिन, सहा गिअरचे ऑटोमॅटिक आणि मागे दोन्ही बाजूंना एकेक सायलेन्सर अशी तिची रचना आहे. मामांची तक्रार अशी की, एवढे मोठे इंजिन असूनही गाडी चालू आहे की बंद हे बोनेटवर हात ठेवून पाहावे लागते. (अतिशयोक्ती त्यांची, माझी नाही.) शहरातल्या एका गॅरेजने ‘सगळे काढून सरळ पाइप टाकू’ असे सुचवले आणि त्या ‘सगळे’मध्ये धूर शुद्ध करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टरही धरला, तेव्हा हे काम घरीच करायचे मी ठरवले.

बेत मर्यादित आहे. मॅनिफोल्ड (इंजिनातून धूर गोळा करणाऱ्या नळ्यांचा जुडगा), कन्व्हर्टर, ऑक्सिजन सेन्सर आणि मधल्या नळ्या यांना हात लावायचा नाही. फक्त मागच्या ॲक्सलच्या पुढेमागे असलेला भाग, म्हणजे दोन सायलेन्सर, त्यांना जोडणाऱ्या छोट्या नळ्या आणि बाहेर दिसणारी टोके, एवढेच बदलायचे आहे. बाहेरून मागवलेला एस.एस. ३०४ (स्टेनलेस स्टीलची एक जात) चा संच घरी येऊन पडला आहे. जागा म्हणजे घरापुढचा सिमेंटचा पोर्च आणि त्यालगतची मोकळी जमीन. आमचे संभाजीनगर शहर महागड्या गाड्यांना बिचकत नाही. २०१० साली इथे दीडशे मर्सिडीज एकाच वेळी घेतल्या गेल्या होत्या, हे सर्वांना आठवत असेल. पण अशा गाडीखाली मालकाचा भाचा स्वतः शिरतो आहे म्हटल्यावर शेजारी आतापासूनच गच्चीवरून चौकशी करू लागले आहेत.

गाडी उचलण्याविषयी, गंजलेल्या बोल्टांविषयी आणि नंतरच्या आवाजाविषयी अनुभवी मंडळींनी मार्गदर्शन करावे, ही विनंती.

जुना_फिटर | शनिवार, सकाळी ११:३५

आपण ‘त्यालगतची मोकळी जमीन’ असे लिहिले आहे, ते वाचून आधी तेवढ्यावरच लिहितो, बाकीचे नंतर.

आपल्या भागातली काळी माती उन्हाळ्यात दगडासारखी कडक दिसते, पण तिच्यात हातभर खोल भेगा असतात आणि पहिल्या पावसानंतर तीच फुगून लोण्यासारखी होते. अशा जमिनीवर जॅक ठेवला की त्याचा पाया एका अंगाने हळूहळू रुतत जातो, आणि तो रुतला हे गाडीखालच्या माणसाला सर्वांत शेवटी कळते. तीस वर्षांपूर्वी परभणीजवळच्या एका शेतात ट्रॅक्टरची ट्रॉली अशीच बसलेली मी पाहिली आहे. माणूस वाचला, कारण तो त्या वेळी पाणी प्यायला बाहेर आला होता. तेव्हा चारही चाके पोर्चच्या सिमेंटवर असली पाहिजेत. पोर्चला शहाबादी फरशी असेल तर तिच्याखाली पोकळी नाही ना, हे हातोडीने वाजवून पाहावे आणि उचललेल्या गाडीला खालून आधार देणाऱ्या घोडीच्या चारही पायांखाली जाड प्लायचा एकच सलग तुकडा ठेवावा.

दुसरी गोष्ट पुष्कळांच्या लक्षात येत नाही. ही गाडी मागच्या चाकांवर चालते. हँडब्रेक मागच्या चाकांना लागतो आणि गिअर ‘पार्क’मध्ये टाकला तरी अडतात ती मागचीच चाके. आपण मागची बाजू उचलली की ही दोन्ही बंधने हवेत जातात आणि गाडी केवळ पुढच्या दोन मोकळ्या चाकांवर उभी राहते. म्हणून पुढच्या चाकांना दोन्ही अंगांनी लाकडी पाचरी मारल्याशिवाय जॅकचा दांडा हातात घेऊ नये. पाचरीऐवजी विटेचा तुकडा चालणार नाही. वीट दाबाखाली फुटते.

गाडी बुटकी असल्यामुळे साधा ट्रॉली जॅक खाली शिरणार नाही. आधी मागची चाके दीड-दोन इंची फळ्यांवर चढवून घ्यावीत. जॅक आणि घोड्या मॅन्युअलमध्ये दाखवलेल्या जागीच लावाव्यात. घोड्यांवर वजन आल्यावर गाडीला कमरेने जोर लावून हलवून पाहावी. ती हलायची असेल तर आपण बाहेर असतानाच हललेली बरी. जॅकही किंचित टेकवून तसाच राहू द्यावा आणि काढलेली चाके चौकटीखाली आडवी सरकवून ठेवावीत. आमचे उस्ताद म्हणायचे, “लेकरा, नुसत्या जॅकवर गाडी आसली की तिच्याखाली देव बी जात न्हाई.”

काम सकाळी, रात्रभर थंड झालेल्या गाडीवर करावे.

लातूरचा_वाटसरू | शनिवार, दुपारी १:०५

याने ताकद किती वाढेल? एका चित्रफितीत पंचवीस हॉर्सपॉवरचा दावा ऐकला होता.

आर्गनवाला | शनिवार, दुपारी ३:४०

फक्त मागचे सायलेन्सर बदलून ताकद वाढल्याचे गाडी चालवताना जाणवणार नाही. वायूंना होणारा मोठा अडथळा मॅनिफोल्ड आणि कन्व्हर्टरमध्ये असतो, आणि धागाकर्ते त्यांना हात लावत नाहीत ते योग्यच आहे. कन्व्हर्टर काढला तर त्याच्या मागच्या ऑक्सिजन सेन्सरला फरक कळतो, पी ०४२० किंवा पी ०४३० हा बिघाडाचा कोड येतो, इंजिनाचा दिवा लागतो आणि धुरात जे जळायला हवे ते न जळता बाहेर पडते. आवाजासाठी एवढी किंमत देण्यात अर्थ नाही.

मी वाळूजला एस.एस. पाइपाचे काम करतो, म्हणून जोडांविषयी लिहितो. संचासोबत पट्टी क्लॅम्प आले असतील तर तेच वापरा. यू क्लॅम्प नळीला चिमटा काढतो. एकदा आवळला की दोन्ही नळ्यांवर खाच पडते आणि पुढच्या वेळी त्या एकमेकींतून निघत नाहीत. नट गंजले असतील तर आदल्या रात्री गंज सोडवणारा स्प्रे मारून ठेवा आणि सकाळी पुन्हा मारा. तरीही नट फिरला नाही तर पान्यावर पाइप चढवून जोर लावण्याआधी नट किंचित आवळण्याच्या दिशेने हलवून पाहा. पुष्कळदा गंजाची पकड अशीच सुटते. ग्राइंडर हा शेवटचा उपाय समजा, कारण पेट्रोलची टाकी तिथून लांब नसते आणि ठिणगी कुठे जाऊन पडेल हे आपल्या हातात नसते.

सायलेन्सर लोंबकळत ठेवणारी रबरे ओढून तोडू नका. साबणाचे पाणी लावून, पिळून काढा. तेल किंवा ग्रीस लावू नका. त्याने रबर फुगते आणि वर्षभरात फाटते.

आणखी एक. एस.एस. ३०४ तापल्यावर बरेच लांबते. मीटरभर नळी ३०० अंशांनी तापली की साधारण ५ मिलिमीटरने वाढते. कंपनीच्या सायलेन्सरांना सहसा ४०९ जातीचे पोलाद असते, ते याहून कमी वाढते. (चुंबक लावून पाहा: ४०९ ला चिकटेल, ३०४ ला जवळजवळ नाही.) म्हणून टोक आणि बंपर यांच्यात थंड असताना सर्व बाजूंनी बोटभर अंतर हवे, नाही तर बंपरचे प्लास्टिक वितळेल.

नांदेड_हमरस्ता | शनिवार, रात्री ८:१५

तांत्रिक बाजू उत्तम चालली आहे, पण कायद्याविषयी कुणी बोललेले नाही. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणीच्या वेळी असलेल्या तपशिलांशी विसंगत ठरेल असा बदल वाहनात करता येत नाही, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने याचा कडक अर्थ लावला आहे. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२अ मध्ये, परवानगी नसलेले भाग बसवणाऱ्या मालकाला प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही अशी तरतूद आहे. आवाज आणि धुराच्या मानकांचा भंग झाला तर कलम १९०(२) खाली दहा हजारांपर्यंत दंड होऊ शकतो आणि परवाना तीन महिन्यांसाठी जाऊ शकतो. जप्त केलेले बुलेटचे सायलेन्सर रोड रोलरखाली चिरडल्याच्या बातम्या राज्यातल्या अनेक शहरांतून येतात. मोटारीचे सायलेन्सर त्याहून चपटे होतील एवढेच.

लातूरचा_वाटसरू | शनिवार, रात्री ८:५०

बुलेटवाल्यांचे फटाके रोज कानावर येतात आणि पकडला जातो तो दहातला एखादा, हेही लिहायला हवे होते.

नांदेड_हमरस्ता | शनिवार, रात्री ९:०२

दहातला एक कोण असेल हे ठरवायला संभाजीनगरात लाल मस्टँग शोधणे अवघड नाही.

बीडबायपास | रविवार, रात्री ९:३०

सर्वांचे आभार. काम झाले. तीन तासांचा अंदाज होता, सात तास लागले.

मोकळ्या जमिनीचा विचार सोडून दिला. पोर्चमध्ये फळ्या, पाचरी, प्लाय आणि दोन घोड्या असा सगळा सरंजाम मांडला, बॅटरीचे ऋण टोक सोडले, आणि जुना_फिटर काकांनी सांगितल्याप्रमाणे कमरेने जोर लावला तेव्हा डावी घोडी खरोखर थोडी कलली. तिचा एक पाय प्लायच्या काठावर आला होता. गाडी पुन्हा उतरवून सगळे नव्याने मांडण्यात पाऊण तास गेला. त्या पाऊण तासाबद्दल माझी काही तक्रार नाही.

उजव्या बाजूचे जोड विनासायास सुटले. डाव्या बाजूचा एक नट मात्र स्प्रे, सकाळचा दुसरा स्प्रे आणि आवळण्याच्या दिशेचा झटका या तिन्हींना पुरून उरला. शेवटी टाकीच्या बाजूला ओले पोते टांगले, पाण्याची बादली आणि मामांना शेजारी उभे केले आणि नट हॅक्सॉने कापला. ग्राइंडर घरात होता, पण धीर झाला नाही. रबरे साबणाच्या पाण्याने निघाली. प्रत्येक सायलेन्सर काढताना दोन माणसे लागतात हे आधी ठाऊक असते तर माझ्या पायाचा अंगठा आज निळा झाला नसता.

नवे भाग बसवताना सर्व क्लॅम्प आधी नुसते बोटाने फिरवून ठेवले, सगळे रबरांवर टांगले, मागे उभे राहून दोन्ही टोकांची उंची डोळ्यांनी जुळवली आणि मग पुढून मागे या क्रमाने आवळत गेलो. आधी मागचा क्लॅम्प आवळण्याची चूक मी एकदा केली होती. तसे केले की पुढचा जोड तिरका बसतो आणि पूर्ण नळी ताणाखाली राहते. उजवे टोक बंपरपासून जेमतेम पेन्सिलीएवढ्या अंतरावर होते, तेही सोडून पुन्हा बसवले.

इंजिन चालू करण्याआधी गाडी पोर्चमधून बाहेर ढकलली. कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही आणि वास नाही, रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशे पटींहून अधिक घट्ट धरतो, आणि तिन्ही बाजूंनी भिंती असलेल्या पोर्चमध्ये ‘दोन मिनिटे फक्त ऐकतो’ म्हणणे योग्य नव्हते. जोडांवर साबणाचे पाणी लावून बुडबुडे पाहिले आणि इंजिन तापू लागल्यावर हात लांब घेतले.

आवाजाविषयी काय लिहू? मामा म्हणाले, “आपल्या विहिरीवरच्या जुन्या डिझेल इंजिनाची आठवण झाली, पण हे आठ विहिरींचं आहे.” इंजिन नुसते चालू ठेवल्यावर एक लय येते, मध्येच अडखळते आणि पुन्हा येते. याचे कारण कुणी सांगेल का?

आता तक्रार. समृद्धी महामार्गावर जालन्यापर्यंत जाऊन आलो. ताशी ११० किलोमीटरच्या आसपास, इंजिनाच्या मिनिटाला साधारण १,९०० फेऱ्यांवर, गाडीत असा घुमारा भरतो की मागच्या सीटवरची मामी वाटेतल्या शेंद्र्यानंतर कुणाशी बोललीच नाही.

जुना_फिटर | सोमवार, सकाळी ७:२०

त्या अडखळण्याचे मूळ इंजिनाच्या क्रमात आहे. या इंजिनात सिलिंडर पेटण्याचा क्रम १-५-४-८-६-३-७-२ असा आहे, आणि फोर्डच्या पद्धतीने १ ते ४ एका बाजूला, ५ ते ८ दुसऱ्या बाजूला. क्रम लिहून पाहा: बाजू आलटून पालटून येते, पण ८ नंतर ६, आणि २ नंतर परत १, असे प्रत्येक बाजूला एकदा दोन ठोके लागोपाठ पडतात. प्रत्येक बाजूची नळी वेगळी असल्यामुळे तिच्यातून ठोके सम अंतराने बाहेर येत नाहीत. कान ज्याला अमेरिकन व्ही-८ म्हणून ओळखतो तो हाच लंगडा ताल आहे. मधल्या नळ्या जिथे एकमेकींना जोडलेल्या असतात, त्या जोडाच्या आकारावर हा ताल किती उरतो ते ठरते: आडवी नळी टाकलेल्या एच जोडात तो अधिक राहतो, फुलीसारख्या एक्स जोडात गुळगुळीत आणि चढ्या सुराचा होतो. आपण त्याला हात लावला नाही, म्हणून ताल टिकला.

आर्गनवाला | सोमवार, सकाळी १०:४५

घुमाऱ्याचा हिशेब सोपा आहे. चार स्ट्रोकच्या आठ सिलिंडरांत क्रँकच्या (इंजिनातल्या मुख्य फिरत्या दांड्याच्या) प्रत्येक फेऱ्यात चार ठोके पडतात. १,९०० ला ६० ने भागून ४ ने गुणले की सेकंदाला सुमारे १२७ येतात. केबिनमधली हवा नेमकी याच सुराला साथ देते आहे. मुख्य नळीच्या अंगाला एक आंधळी नळी जोडायची, म्हणजे दुसरे टोक झाकण घालून बंद केलेली. तिची लांबी त्या ध्वनिलहरीच्या चौथ्या भागाइतकी ठेवायची. लहर आत जाऊन परत येईपर्यंत उलटी झालेली असते आणि मूळ लहरीला मारते. आवाजाचा वेग भागिले १२७, भागिले ४.

दोन्ही बाजूंना एकेक लागेल. जोड नव्या संचाच्या नळीवरच द्या, म्हणजे कंपनीचे मूळ भाग अबाधित राहतील.

बीडबायपास | पुढचा रविवार, सायंकाळी ६:००

केले, पण काही उपयोग झाला नाही. हवेतला वेग सेकंदाला ३४५ मीटर धरून ६८ सेंटिमीटरच्या दोन नळ्या एका ओळखीच्या शॉपमधून लावून घेतल्या. घुमारा जिथल्या तिथे आहे.

आर्गनवाला | पुढचा रविवार, सायंकाळी ६:४०

चूक माझी, मी वेग लिहिला नाही. ३४५ हा आपल्या अंगणातल्या हवेतला वेग आहे. सायलेन्सरजवळचा वायू तापलेला असतो, आणि तापमान वाढले की आवाज वेगाने धावतो. आंधळ्या नळीत वायू वाहत नसल्यामुळे ती मुख्य नळीपेक्षा थोडी थंड राहते. २०० अंश धरले तर वेग सेकंदाला साधारण ४३५ मीटर होतो. म्हणजे लांबी ८६ सेंटिमीटर. आपल्या ६८ च्या नळ्यांनी २,४०० फेऱ्यांच्या आसपासचा आवाज मारला असेल, जो कुणाला त्रास देत नव्हता.

या वेळी टोक वेल्ड करून बंद करू नका. ८० सेंटिमीटरची नळी घेऊन पुढे सरकणारे झाकण क्लॅम्पवर बसवा, म्हणजे दोन-चार सेंटिमीटर मागेपुढे करून कानाने जुळवता येईल. बंद टोक किंचित वर ठेवा, नाही तर सकाळी धुरातून साचलेले पाणी तिथेच राहील. वेल्डिंग आर्गन वायू वापरूनच हवे आणि नळीच्या आतूनही आर्गन सोडायला सांगा. आतली बाजू हवेत तापली की जोडावर साखरेसारखे काळे रवे धरतात आणि तिथूनच तडा जातो. गाडीवर वेल्ड करणार असाल तर बॅटरी सोडा आणि अर्थिंगचा चिमटा जोडाच्या अगदी जवळ लावा.

बीडबायपास | त्यानंतरचा शनिवार, रात्री १०:१०

झाकण ८७ सेंटिमीटरवर स्थिरावले. १,९०० चा घुमारा जवळजवळ गेला. १,५०० च्या आसपास, चढावर हलक्या पायाने जाताना, अजून थोडा आहे, पण तिथे मामी बोलत होती. पीयूसी काढून घेतली, त्यात अडचण आली नाही. कन्व्हर्टर जागेवर असल्याचा तो फायदा.

नांदेड_हमरस्ता यांच्या मुद्द्याला माझ्याकडे उत्तर नाही, हे मान्य करतो. मामांनी एवढेच ठरवले आहे की मूळ सायलेन्सर पोत्यात गुंडाळून माळ्यावर राहतील, आणि हटकले गेलो तर वाद न घालता दंड भरून ते परत बसवायचे. विमा कंपनीला बदलाची माहिती लेखी कळवली आहे.

नांदेड_हमरस्ता | त्यानंतरचा शनिवार, रात्री १०:३५

लेखी कळवल्याने बदल कायदेशीर होत नाही. पण अपघाताच्या दाव्यात ‘लपवले’ असे कुणी म्हणू शकणार नाही, हे खरे.

जुना_फिटर | त्यानंतरचा रविवार, सकाळी ६:५५

दीडशे-दोनशे किलोमीटर झाले असतील. गाडी पूर्ण थंड असताना सर्व क्लॅम्प पुन्हा तपासावेत. तापून-निवून नळी जागा घेते आणि पहिला आवळ सैल पडतो.

बीडबायपास | त्यानंतरचा रविवार, सकाळी ८:२०

काका, आत्ताच तपासले. डावा पुढचा क्लॅम्प अर्धा फेरा फिरला. बाकी घट्ट आहेत.